१९ लाख ई-मेल आणि ४ प्रश्न : फ्री बेसिक्सच्या पराभवाचा प्रकरण अभ्यास

८ फेब्रुवारी २०१६ रोजी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डेटा सेवांच्या भेदभावकारक दरांना मनाई करणारे विनियम जारी केले. त्यांचा गाभा एका वाक्यात मावतो : दूरसंचार कंपनीने ग्राहक काय पाहतो यावरून डेटाचा दर बदलायचा नाही. मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये दंड, कमाल मर्यादा ५० लाख. तीन दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, फेसबुकने फ्री बेसिक्स ही निवडक संकेतस्थळं मोबाइलवर फुकट दाखवणारी सेवा भारतातून मागे घेतल्याचं जाहीर केलं.

सरकारशी संबंध सांभाळण्याचं काम, म्हणजे ज्याला कंपन्यांत गव्हर्नमेंट रिलेशन्स किंवा पब्लिक पॉलिसी म्हणतात आणि सामाजिक संस्थांमध्ये जनवकिली म्हणतात, ते शिकू पाहणाऱ्यांना मी हे प्रकरण आधी वाचायला सांगतो. कारण एका बाजूकडे या व्यवसायातली जवळजवळ सगळी साधनं होती : पैसा, जगभरचा अनुभव, पूर्णवेळ धोरण विभाग, वर्तमानपत्रांची पूर्ण पानं, कोट्यवधी वापरकर्त्यांपर्यंत थेट पोच, आणि देशाच्या पंतप्रधानांसोबत मंचावर बसण्याची संधी. दुसरीकडे होते काही वकील, प्रोग्रॅमर, पत्रकार, प्राध्यापक आणि छोटे उद्योजक, बहुतेक जण आपापलं काम सांभाळून यात पडलेले. यात दुसरी बाजू का जिंकली, याचं सरधोपट उत्तर 'लोकशक्ती' असं दिलं जातं. ते उत्तर मला पटत नाही. लोकांची संख्या मोजायची झाली तर शेवटच्या फेरीत फेसबुकची बाजू कितीतरी पुढे होती.

प्रकरणाची पार्श्वभूमी

फेसबुकने ऑगस्ट २०१३ मध्ये इंटरनेट डॉट ऑर्ग हा उपक्रम जाहीर केला. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही अशांना ते मिळावं, हा उद्देश सांगितला गेला. स्थानिक दूरसंचार कंपनीबरोबर करार करून निवडक संकेतस्थळं मोबाइलवर फुकट दाखवायची, अशी रचना होती. सुरुवात २०१४ मध्ये झांबियात झाली. भारतात १० फेब्रुवारी २०१५ रोजी रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडू, केरळ, आंध्र प्रदेश आणि तेलंगण या राज्यांत ती सेवा आली. हवामान, नोकऱ्या, आरोग्य, बातम्या, विकिपीडिया आणि अर्थातच फेसबुक, अशी तीसेक संकेतस्थळं त्यात होती. बाकीचं इंटरनेट हवं असेल तर पैसे भरा.

त्याच सुमारास एक वेगळाच वाद पेटला होता. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी जादा पैसे आकारायचं ठरवलं आणि ओरड झाल्यावर मागे घेतलं. २७ मार्च २०१५ रोजी ट्रायने व्हॉट्सॲप, स्काइपसारख्या सेवांच्या नियमनावर ११८ पानांचं सल्लामसलतपत्र, म्हणजे निर्णयाआधी सगळ्यांची लेखी मतं मागवणारा कागद, काढलं, त्यात २० प्रश्न. एप्रिलमध्ये 'सेव्ह द इंटरनेट' ही मोहीम उभी राहिली. डिजिटल धोरणावर लिहिणाऱ्या मीडियानामा या संकेतस्थळाचे संस्थापक निखिल पाहवा यांच्यासारखी माणसं त्यात होती, आणि एका विनोदी चमूच्या व्हिडिओने विषय घराघरात नेला. काही आठवड्यांत ट्रायकडे १० लाखांहून अधिक ई-मेल गेले. फ्लिपकार्टने एअरटेल झीरो या फुकट-डेटा योजनेतून अंग काढून घेतलं, क्लियरट्रिप इंटरनेट डॉट ऑर्गमधून बाहेर पडलं.

इथे एक तपशील आहे तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, आणि पुढचं सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे. एप्रिलची मोहीमसुद्धा तयार मसुद्याच्या ई-मेलचीच होती. लाखो लोकांनी स्वतः बसून निबंध लिहिलेला नव्हता. पण त्या मसुद्यात ट्रायच्या प्रश्नांची उत्तरं लिहिलेली होती. स्वयंसेवकांनी ती ११८ पानं वाचली, प्रत्येक प्रश्नाखाली मुद्देसूद उत्तर तयार केलं, आणि पाठवणाऱ्याला हवं तर त्यात बदल करता येईल अशी सोय ठेवली. बाहेरून पाहणाऱ्याला दिसला तो आकडा. आत काय होतं, ते वाचायची तसदी फार थोड्यांनी घेतली.

जुलैमधला इशारा

जुलै २०१५ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या समितीचा नेट न्यूट्रॅलिटीवरचा, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला समान वागणूक देण्याच्या तत्त्वावरचा, अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात इंटरनेट डॉट ऑर्गचं नाव घेऊन म्हटलं होतं की मजकूर पुरवणाऱ्या कंपनीने द्वारपाल होऊ नये आणि तशी भूमिका तिला देणाऱ्या, दूरसंचार कंपन्यांबरोबरच्या करारांना ठामपणे परावृत्त करावं. एअरटेल झीरोसारख्या योजनांबाबत मात्र समिती मवाळ होती. त्या एकेक करून तपासाव्यात, असा तिचा सूर होता.

सरकारच्याच समितीने तुमच्या उत्पादनाचं नाव घेऊन आक्षेप नोंदवला, तर धोरण विभागासाठी त्या दिवसापासून दुसरं काम उरत नाही. आक्षेप नेमका कशावर आहे? फुकट असण्यावर नव्हता. कोणतं संकेतस्थळ आत येणार हे एक खासगी कंपनी ठरवणार, यावर होता. या आक्षेपाला उत्तर होतं, पण ते देण्यासाठी उत्पादनच बदलावं लागलं असतं.

फेसबुकने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. मे महिन्यातच त्यांनी हे व्यासपीठ इतर विकासकांना खुलं केलं होतं. मात्र अटी त्यांच्याच होत्या : व्हिडिओ नको, इंटरनेट कॉल नको, मोठी छायाचित्रं नकोत, आणि डेटाची सगळी वाहतूक फेसबुकच्या यंत्रणेतून जाणार. सप्टेंबरमध्ये ॲपचं नाव बदलून फ्री बेसिक्स झालं. २७ सप्टेंबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी कॅलिफोर्नियात फेसबुकच्या मुख्यालयात मार्क झकरबर्ग यांच्याबरोबर जाहीर प्रश्नोत्तरांना बसले. ऑक्टोबरच्या अखेरीस झकरबर्ग आयआयटी दिल्लीत विद्यार्थ्यांशी बोलले.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला अशी छायाचित्रं म्हणजे कामाचं शिखर वाटतं. 'वर' ओळख असली की खालचं सगळं जुळून येतं, हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे, आणि काही कामांत तो खराही असतो. पण दूरसंचाराचे दर पंतप्रधान कार्यालय ठरवत नाही. ते ठरवण्याचा अधिकार १९९७च्या ट्राय कायद्याने ट्रायला दिला आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ११(४) मध्ये प्राधिकरणाने आपलं काम पारदर्शकपणे करावं, असं बंधन आहे. म्हणजे निर्णय घेणाऱ्या माणसाला तो कागदावर, कारणांसह, सगळ्यांसमोर मांडावा लागतो. उद्या कोर्टात गेलं तर तीच कारणं तपासली जाणार. अशा माणसाला तुमच्या छायाचित्राचा उपयोग काय? त्याला हवी असतात कारणं, जी तो आपल्या निर्णयात लिहू शकेल.

चार प्रश्न

९ डिसेंबर २०१५ रोजी ट्रायने डेटाच्या वेगवेगळ्या दरांवर नवं सल्लामसलतपत्र काढलं. या वेळी प्रश्न फक्त चार. पहिला : वेगवेगळी संकेतस्थळं, ॲप किंवा व्यासपीठं वापरण्यासाठी दूरसंचार कंपन्यांना वेगवेगळे दर लावू द्यावेत का? दुसरा : दिले, तर भेदभाव होऊ नये, पारदर्शकता राहावी, इंटरनेट परवडावं, स्पर्धा, नव्यांचा प्रवेश आणि नवकल्पना टिकाव्यात यासाठी काय उपाय करावेत? तिसरा : वेगवेगळ्या दरांचा मार्ग न वापरता ग्राहकांना फुकट इंटरनेट देण्याचे इतर मार्ग, तंत्रज्ञान किंवा व्यवसाय-रचना आहेत का, आणि असल्यास त्यांचे फायदे-तोटे काय? चौथा : आणखी काही विचारात घ्यावं का?

हे प्रश्न नीट वाचले की ट्रायच्या मनात काय चाललंय याचा अंदाज येतो. त्यांत फेसबुकचं नाव नाही. ट्रायचा अंमल दूरसंचार कंपन्यांवर चालतो, फेसबुक तिचा परवानाधारकच नाही. म्हणून प्रश्न दराचा आहे. दुसऱ्या प्रश्नात परवानगीची वाट उघडी आहे, पण उपाय सुचवण्याची जबाबदारी परवानगी मागणाऱ्यावर आहे. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तिसरा. नियामक विचारतोय : गरिबाला इंटरनेट मिळावं हे मलाही हवंय, पण त्यासाठी हाच मार्ग कशाला?

तेव्हा ट्रायचे अध्यक्ष होते आर. एस. शर्मा, ऑगस्ट २०१५ मध्ये आलेले. त्याआधी ते आधार प्राधिकरणाचे पहिले महासंचालक आणि केंद्रात इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव होते. समोरचा माणूस तंत्रज्ञान जाणणारा आहे, तपशिलात शिरणारा आहे, हे त्याच्या कारकिर्दीवरून कोणालाही कळलं असतं. निर्णय घेणाऱ्याची पार्श्वभूमी वाचणं हे या नोकरीतलं अगदी प्राथमिक काम आहे. त्याचा अर्थ कोण कोणाच्या ओळखीचा हे शोधणं असा घेऊ नये. हा माणूस कोणत्या प्रकारचा युक्तिवाद गांभीर्याने घेईल, हे समजून घेणं म्हणजे ते काम.

डिसेंबरमध्येच ट्रायने रिलायन्स कम्युनिकेशन्सला निर्णय होईपर्यंत फ्री बेसिक्स थांबवून ठेवायला सांगितलं.

फेसबुकची मोहीम

यानंतर जे घडलं ते अनेक वाचकांना आठवत असेल. फेसबुक उघडलं की 'फ्री बेसिक्सला पाठिंबा द्या' अशी सूचना यायची. बटण दाबलं की ट्रायच्या नावे तयार ई-मेल जायचा. मग तुमच्या मित्रमंडळींना तुम्ही पाठिंबा दिल्याचं कळायचं. शहरांत मोठमोठे फलक लागले, इंग्रजी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या. २८ डिसेंबरला झकरबर्ग यांचा लेख टाइम्स ऑफ इंडियात छापून आला. सार्वजनिक ग्रंथालयात सगळी पुस्तकं नसतात तरी त्याचा उपयोग होतो, सरकारी दवाखान्यात सगळे उपचार नसतात तरी जीव वाचतात, तसंच हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. फ्री बेसिक्समुळे हवामानाची माहिती आणि बाजारभाव मिळू लागलेल्या महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं उदाहरण त्यांनी दिलं होतं. या सेवेतून पहिल्यांदा इंटरनेटवर येणाऱ्यांपैकी निम्मे लोक ३० दिवसांत पैसे भरून पूर्ण इंटरनेट घेतात, असाही दावा त्यात होता.

ट्रायकडे सुमारे २४ लाख प्रतिक्रिया आल्या. त्यांतल्या जवळपास १९ लाख फ्री बेसिक्सच्या पाठिंब्याच्या होत्या.

पण त्या तयार ई-मेलमध्ये चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर नव्हतं. मला फ्री बेसिक्स हवंय, ते डिजिटल समानतेसाठी गरजेचं आहे, ते बंद केलं तर देशातल्या दुर्बलांचं नुकसान होईल, एवढाच मजकूर. ट्रायने फेसबुकला या लोकांपर्यंत मूळ प्रश्न पोहोचवायला सांगितलं. त्यावर दोन्ही बाजूंत पत्रापत्री झाली आणि ती सार्वजनिक झाली. जानेवारीतल्या एका पत्रात ट्रायने अतिशय कडक शब्द वापरले : माहितीपूर्ण निर्णयासाठी पारदर्शकपणे चालवलेल्या सल्लामसलतीचं रूपांतर, जुळवून आणलेल्या आणि ढोबळ बहुमतावर चालणाऱ्या जनमत-कौलात करण्याचा हा प्रकार वाटतो, असा त्याचा आशय होता. ज्या कार्यालयाकडून तुम्हाला निर्णय हवा आहे त्या कार्यालयाशी तुमचं नातं इथपर्यंत येणं, हे संबंध सांभाळण्याच्या कामातलं मोठं अपयश आहे.

एप्रिलमध्ये समोरच्या बाजूने १० लाख ई-मेल पाठवून वारं फिरवलं, मग आपण १९ लाख पाठवू, असा हिशेब फेसबुकमध्ये झाला होता का, हे त्यांच्या आतल्या माणसांनाच ठाऊक. पण मोहिमेकडे पाहिलं की तसा भास होतो खरा. आकड्याची नक्कल झाली, उत्तरांची झाली नाही.

दुसऱ्या बाजूने काय पाठवलं

विरोधकांनी डिसेंबरमध्येही चारही प्रश्नांची उत्तरं लिहिली. शिवाय त्यांनी एकाच आवाजात बोलण्याऐवजी वेगवेगळ्या ठिकाणांहून येणारे आवाज जोडले. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी एकत्र निवेदन काढलं. त्यांचा भर तांत्रिक होता : सगळी वाहतूक एका कंपनीच्या यंत्रणेतून गेल्यावर काय काय दिसू शकतं, 'मूलभूत' सेवा कोणत्या हे कोण ठरवणार. नवउद्योजकांनी वेगळं पत्र लिहिलं. त्यांची भीती व्यावसायिक होती : माझी स्पर्धक कंपनी फुकट आणि मी पैसे घेऊन, तर माझ्याकडे येणार कोण? बिजू जनता दलाचे खासदार बैजयंत पांडा आणि तथागत सत्पथी यांनी ट्रायला लिहिलं. इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन नीलेकणी यांनी वर्तमानपत्रातून विरोध मांडला. नॅसकॉमने, म्हणजे सॉफ्टवेअर उद्योगाच्या शिखर संघटनेने, अशा दरांविरुद्ध भूमिका घेतली. हा शेवटचा मुद्दा छोटा नाही. जिथे तुम्हाला मित्र मिळायला हवेत त्या उद्योगाचीच संघटना समोर उभी असेल, तर घरचा अभ्यास कच्चा राहिला आहे.

फेसबुकचे नैसर्गिक सोबती होते दूरसंचार कंपन्या. त्यांच्या संघटनेने वेगवेगळ्या दरांची बाजू घेतलीही. पण या मैत्रीत एक अवघडलेपण होतं, त्याची चर्चा फार झाली नाही. याच कंपन्या मार्च-एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपसारख्या सेवांवर नियमन आणा म्हणून आग्रही होत्या, आणि व्हॉट्सॲप २०१४ पासून फेसबुकचंच होतं. एका प्रश्नावर सोबती आणि दुसऱ्यावर प्रतिपक्ष, अशी जोडी नियामकासमोर एकदिलाने उभी राहणं कठीणच.

तिसऱ्या प्रश्नाकडे परत येऊ, कारण निर्णायक काम तिथे झालं. विरोधकांनी 'गरिबांना फुकट नको' असं कधीही म्हटलं नाही. ते म्हणाले, फुकट द्या, पण जे द्याल ते सगळ्या इंटरनेटसाठी द्या. त्यासाठी चालू उदाहरणं दिली. बांगलादेशात मोझिला आणि ग्रामीणफोनच्या योजनेत जाहिरात पाहणाऱ्याला रोजचा थोडा डेटा मिळायचा, तो कोणत्याही संकेतस्थळासाठी वापरता येत असे. भारतात एअरसेलने नव्या ग्राहकांना कमी वेगाचं पण पूर्ण इंटरनेट काही काळ फुकट द्यायची योजना आणली होती. म्हणजे कमी वेग चालेल, कमी डेटा चालेल, पण कुठे जायचं हे ग्राहकाने ठरवायचं. हे वाचल्यावर 'फ्री बेसिक्स की काहीच नाही' हा फेसबुकने उभा केलेला पर्यायच ढासळतो. नियामकाला आपल्या निर्णयात लिहिता येईल असं काहीतरी हातात मिळतं.

२१ जानेवारी २०१६ रोजी दिल्लीत खुली चर्चा झाली. ट्रायच्या पद्धतीत लेखी मतं, त्यांवरची प्रतिमतं आणि मग खुली चर्चा अशा पायऱ्या असतात. प्रतिमतांची पायरी नवखे लोक हलक्यात घेतात. समोरच्याच्या लेखी म्हणण्यातली भोकं दाखवायची ती अधिकृत संधी असते, आणि तिथे दाखवलेलं भोक नियामकाच्या टिपणात जातं.

निर्णयाची कारणं

विनियमांना जोडलेलं स्पष्टीकरणात्मक टिपण हा या प्रकरणातला सर्वांत वाचनीय कागद. त्यात दोन्ही बाजूंचे युक्तिवाद क्रमाने मांडलेत. मग ट्राय म्हणते की ज्या देशात बहुसंख्य लोक अजून इंटरनेटवर आलेलेच नाहीत, तिथे प्रवेशाचं स्वरूप कंपन्यांना ठरवू देणं म्हणजे लोकांचा इंटरनेटचा अनुभवच त्यांना घडवू देणं. गरिबांचा जो मुद्दा फेसबुकने आपल्या बाजूने वापरला, तोच इथे त्यांच्याविरुद्ध उभा राहिला.

प्रत्येक योजना वेगळी तपासून परवानगी द्यावी, हा मधला मार्गही ट्रायने विचारात घेतला आणि नाकारला. कारण त्याने अनिश्चितता वाढते, तपासणीचा खर्च वाढतो, आणि ज्यांच्याकडे पैसे आणि वकील आहेत अशांनाच त्या प्रक्रियेत वरचढ ठरता येतं. हा युक्तिवाद विरोधी बाजूच्या लेखी मतांतून आलेला. आपण लिहिलेलं वाक्य सरकारी टिपणात, आपलं नाव न घेता, दिसणं याला या व्यवसायात मोठं यश मानतात, आणि मीही मानतो.

आणीबाणीत फुकट सेवा देण्याची मुभा ठेवली गेली, इंटरनेटवरून न जाणाऱ्या, कंपनीच्या बंदिस्त जाळ्यातल्या मजकुराला वगळलं गेलं, चालू योजनांना कमाल सहा महिने दिले गेले, आणि दोन वर्षांनी फेरविचाराची तरतूद केली गेली. अशा कडा ठेवलेला नियम कोर्टात टिकतो. तीनच महिन्यांनी, ११ मे २०१६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ट्रायचाच दुसरा विनियम रद्द केला. कॉल तुटल्यास ग्राहकाला एक रुपया भरपाई देण्याचा तो नियम मनमानी ठरला, आणि तो करताना पारदर्शकतेची अटही पाळली गेली नव्हती, असं न्यायालयाने म्हटलं. ट्रायसाठी लेखी, टिकाऊ कारणं किती मोलाची असतात याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणार नाही.

त्या खुर्चीत आपण असतो तर

मला तो निर्णय योग्य वाटतो. तरीही फेसबुकच्या धोरण विभागात बसलेल्या माणसाकडे काहीच मार्ग नव्हता, असं मी म्हणणार नाही. इंटरनेट न परवडणाऱ्या माणसाचा प्रश्न खरा होता, आणि त्याची बाजू प्रामाणिकपणे मांडता आली असती.

जुलैच्या अहवालानंतर रचना बदलण्याचा प्रस्ताव तयार करता आला असता : कोणतं संकेतस्थळ आत येईल हे ठरवण्याचं काम स्वतंत्र मंडळाकडे, सेवा एकाच नव्हे तर कोणत्याही दूरसंचार कंपनीला खुली, आणि सगळा प्रयोग ठरावीक मुदतीचा. डिसेंबरमध्ये दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हेच उपाय लिहून देता आले असते. 'निम्मे लोक ३० दिवसांत पूर्ण इंटरनेट घेतात' हा दावा तर सोन्यासारखा होता. पण तो लेखातलं वाक्य म्हणून आला. कोणत्या राज्यात, किती ग्राहकांवर, कसं मोजलं, हे परिशिष्टात जोडून ट्रायपुढे ठेवलं असतं तर विरोधकांना त्यावर उत्तर शोधावं लागलं असतं. आणि लोकांना बोलवायचंच होतं तर त्यांच्यापुढे तेच चार प्रश्न साध्या भाषेत ठेवायचे. १९ लाखांऐवजी १९ हजार उत्तरं आली असती तरी ती वाचली गेली असती.

हे सगळं सुचवणं सोपं आहे, कारण आपल्याला शेवट माहीत आहे. खरी अडचण वेगळी असते. दिल्लीत बसलेल्या धोरण अधिकाऱ्याला हे कळलं, तरी ते दूरच्या मुख्यालयातल्या उत्पादन विभागाला, जाहिरात विभागाला आणि संस्थापकाला पटवून द्यावं लागतं. 'उत्पादन बदला' किंवा 'जाहिरात थांबवा' हे आपल्याच माणसांना सांगण्याचा अधिकार आणि धैर्य नसेल, तर त्या खुर्चीवर बसलेला माणूस फक्त निरोप पोहोचवतो. या व्यवसायातलं अर्धं काम आपल्याच संस्थेच्या आत करावं लागतं, आणि नोकरीच्या जाहिरातीत ते लिहिलेलं नसतं. मुलाखतीला जाल तेव्हा विचारा : धोरण विभागाच्या सांगण्यावरून या कंपनीने शेवटचा निर्णय कधी बदलला होता? उत्तर आलं नाही तर तेही उत्तरच आहे.

सामाजिक संस्थांतही हे असंच चालतं. कार्यकर्त्यांना घोषणा हवी असते, नियामकाला परिच्छेद हवा असतो. घोषणेचं परिच्छेदात रूपांतर करताना काही मागण्या गाळाव्या लागतात, आणि त्या गाळल्याचा राग सहकाऱ्यांकडून सोसावा लागतो. 'सेव्ह द इंटरनेट'मधली माणसं ते करू शकली, कारण त्यांच्यात वकीलही होते, प्रोग्रॅमरही होते, आणि मसुदा लिहिणाऱ्यांवर बाकीच्यांनी विश्वास टाकला. त्यांतल्या काहींनी पुढे २०१६ मध्ये इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन ही संस्था उभी केली. स्वयंसेवा म्हणून सुरू झालेलं काम काहींचं पूर्णवेळ काम झालं.

अमेरिकेत लॉबिंग करणाऱ्यांना १९९५च्या कायद्यानुसार नोंदणी आणि खर्च जाहीर करावा लागतो. आपल्याकडे तसा कायदा नाही. त्यामुळे कोण कोणाला भेटलं, काय मागितलं, हे सहसा कळत नाही, आणि या व्यवसायाबद्दल संशय राहतो तो उगीच नाही. ट्रायसारख्या ठिकाणी लेखी मतं जाहीर होतात, म्हणून तिथलं काम उजेडात शिकता येतं. कायद्याची, अर्थशास्त्राची किंवा अभियांत्रिकीची पदवी असो, खासदारांबरोबर वर्षभर काम करण्याची लॅम्प फेलोशिप असो, दारं अनेक आहेत. दारातून आत गेल्यावर बहुतेक दिवस वाचण्यात जातात : राजपत्र, विधेयकं, स्थायी समित्यांचे अहवाल, संसदेतले तारांकित प्रश्न, आणि समोरच्याने काय लिहिलंय ते.

तिसरा प्रश्न ८ फेब्रुवारीला संपला नाही. मे २०१६ मध्ये ट्रायने फुकट डेटा या विषयावर वेगळं सल्लामसलतपत्र काढलं, आणि १९ डिसेंबर २०१६ रोजी शिफारस केली की ग्रामीण ग्राहकांना महिन्याला १०० एमबी डेटा सार्वत्रिक सेवा निधीतून, म्हणजे ग्रामीण दूरसंचारासाठी राखलेल्या सरकारी निधीतून, फुकट द्यावा, कोणत्याही कंपनीला बांधून न ठेवता. तोवर सप्टेंबरमध्ये जिओ आली होती आणि डेटाचे भाव वेगळ्याच कारणाने कोसळू लागले होते. जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं स्वीकारली.

९ डिसेंबर २०१५चं सल्लामसलतपत्र आणि फेब्रुवारीचं टिपण ट्रायच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहेत. या क्षेत्रात यायचा विचार असेल तर आधी फक्त सल्लामसलतपत्र वाचा. टिपण उघडू नका. मग एक बाजू निवडून, कोणतीही, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन पानांत लिहा. त्यानंतर टिपण उघडा आणि तुमच्या उत्तरातला कोणता मुद्दा ट्रायला वापरता आला असता ते शोधा.